वरचं रान कुणाचं

“तुम श्रीदेवी हैं क्या? तुम्हारे अम्मा यहाँ काउंटर पे खड़े हैं. पेशंट का नाम पूछे तो बोलतेच नै. गूंगे हैं क्या?”

फोनवरच्या बाईचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता. श्रीदेवी विद्यापीठाच्या लँग्वेज लॅबमध्ये बसली होती. हेडफोन गळ्यात, समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाचं काळं-करडं चित्र, आणि बाहेर गुलबर्ग्याचं एप्रिलचं ऊन, जे लॅबच्या एसीलाही जुमानत नव्हतं. पेशंट हा शब्द तिच्या डोक्यात उशिरा शिरला. आधी तिला कळलं ते एवढंच, की माय कुठंतरी काउंटरवर उभी आहे आणि नाव सांगत नाही. त्यात नवल काहीच नव्हतं. माय कुठल्याही काउंटरवर उभी राहिली तरी नवऱ्याचं नाव सांगत नसे. म्हणून श्रीदेवीनं लहानपणापासूनच्या सवयीनं झटकन सांगून टाकलं, “तुळजाराम. तुळजाराम मल्लप्पा.” पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला, वय विचारलं, गाव विचारलं, तेही तिनं सांगितलं, निंबर्गा, आळंद तालुका. आणि मग तिनं विचारलं, “क्या हुआ उनको?” बाई म्हणाली, छातीत दुखत होतं, आत घेतलंय, डॉक्टर बघतायत, तुम्ही या. उपचार काही अडले नव्हते. नोंद तेवढी अडली होती, एका बाईच्या दातांमागं.

रिक्षात बसल्यावर श्रीदेवीला आठवलं की कॉम्प्युटर तसाच चालू राहिलाय, आणि पडद्यावर जे चित्र उघडं आहे ते मायच्याच आवाजाचं आहे. अशा वेळी असलं काही आठवू नये, पण माणसाचं डोकं मेलं आपल्या ताब्यात थोडंच असतं! सोमवारी तिचं सादरीकरण होतं. इंग्रजी भाषा आणि भाषाशास्त्राच्या एम.ए.चं शेवटचं सत्र, बाहेरून परीक्षक येणार, आणि त्यांच्यासमोर तिनं दाखवायचं होतं की तिच्या गल्लीतल्या बायका नवऱ्याचं नाव कसं टाळतात. हा विषय तिला मिळाला तो अगदी बसल्या जागी. पहिल्या वर्षी हेमावती मॅडम वर्गात सांगत होत्या, दूर कुठंतरी अशा जमाती आहेत जिथं सुना सासरच्या माणसांची नावं उच्चारत नाहीत, त्या नावांसारखे शब्दसुद्धा टाळतात. सगळा वर्ग लिहून घेत होता. श्रीदेवीला मात्र फस्सकन हसू आलं. मॅडमनी विचारलं काय झालं, तर ही म्हणाली, मॅडम, दूर कशाला, आमच्या घरी आहे. सगळा वर्ग मागं वळून बघायला लागला. तोवर दोन सत्रं तिच्याकडं जे काही होतं ते चुकांच्या खात्यात जमा होत होतं. इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की तिच्या उच्चारांना ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’ म्हणायचे, एखादा आजार सांगावा तसं. घरी मराठी, शाळेत कानडी, बसमध्ये दखनी, आणि पुस्तकात इंग्रजी. चार भाषा येणारी मुलगी त्या वर्गात सगळ्यात मुकी होती. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या घरातली एक गोष्ट कामाची निघाली. मॅडम खडू खाली ठेवून म्हणाल्या, सांग, अजून सांग.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माय अप्पांना ‘आवं’ म्हणायची, दुसऱ्यांशी बोलताना धाकट्या पोराच्या नावानं ‘मल्लेशचे अप्पा’ म्हणायची, आणि सासू होती तोवर नुसतंच ‘ते’. तुळजापूरला ती ‘आईचं गाव’ म्हणे. अंगणातल्या तुळशीला ‘अंगणातली’ म्हणे, आणि शेजारीण खवचट असली तर मुद्दाम विचारायची, “तानुबाई, अंगणातली कोण गं?” लग्नाकार्यात उखाणा घ्यायची वेळ आली की बाकीच्या बायका ओळीत गुंफून नाव घेऊन मोकळ्या व्हायच्या. मायच्या सासरची रीत मात्र त्याहून कडक. या घरातल्या सुनेनं ओळ म्हणायची आणि नावाच्या जागी थांबायचं, नाव शेजारी बसलेल्या नणंदेनं घ्यायचं. ती नणंद, म्हणजे श्रीदेवीच्या आत्याबाई, गेल्या वर्षी वारल्या तेव्हा माय रडताना म्हणाली होती, माझ्या तोंडचं नाव गेलं गं. तेव्हा ते कुणाला कळलं नाही. श्रीदेवीला कळलं, पण तिनं ते वहीत टिपून ठेवलं, कारण तोवर ती विद्यार्थिनी झाली होती. पुढं कधीतरी तिला वाटलं, मेलं आपण रडायचं सोडून लिहीत काय बसलो.

श्रीदेवीला आणि धाकट्या मल्लेशला लहानपणी या सगळ्याची भारी मजा वाटे. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेत नाव घालताना माय पोराला पुढं ढकलायची, “सांग गं.” श्रीदेवी चारचौघांत पहिल्यांदा जे बोलली ते बापाचं नाव. कानडी शाळेचे मास्तर खुर्चीत, माय दाराला टेकून डोक्यावरचा पदर दातांत धरून, आणि मध्ये ही फ्रॉकातली चिमुरडी ठणठणीत आवाजात, तुळजाराम. मास्तर हसले होते, माय लाजली होती. परत येताना मायनं तिला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली होती. मायच्या तोंडून बोलायचं हे काम तिच्याकडं आलं ते तेव्हापासून, आणि तिला त्याचा फार अभिमान होता. पुढं मल्लेश हैदराबादला कामाला गेला, ही गुलबर्ग्याला हॉस्टेलवर आली, आणि मायला काउंटरवर उभं करून ढकलायला पोरच उरलं नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात अंकुशराव उभे होते. त्यांचं रान अप्पांच्या रानाला लागून, आणि त्यांच्याच जीपमधून अप्पांना आणलं होतं. “घाबरू नको बाई,” ते म्हणाले, “डाक्टर म्हणले वेळंवर आणलाव. तुराट्यांचा ढीग करायलता, तिथंच छातीला हात लावून बसला. मी जीप लावायला गेलतो, तंवर ही तुझी माय थितं काउंटरला दगडासारखी हुभी. मला तरी हाक मारायची. तेबी न्हाई!” आत कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांची रांग रिकामी होती आणि माय खाली फरशीवर भिंतीला पाठ लावून बसली होती. श्रीदेवी जाऊन तिच्याशेजारी टेकली. मायनं तिच्याकडं पाहिलं नाही. आतून एक नर्स ट्रे घेऊन गेली, एक रिकामी ट्रॉली आली. मग माय समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, “बोलायला नको होतं.”

एवढंच. पुढं काही नाही. ‘तू बोलायला लावलंस’ असं ती म्हणाली असती तर श्रीदेवी भांडली असती, समजावलं असतं, रडली असती. पण मायनं वाक्यात तिला घेतलंच नाही. भाषाशास्त्रात कर्ता गाळलेल्या वाक्यांवर एक अख्खं प्रकरण असतं, ते श्रीदेवीला पाठ होतं. त्या फरशीवर बसून तिला आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रकरणाची भीती वाटली.

झालं होतं असं. संक्रांतीच्या सुट्टीत ती फोनवर रेकॉर्डिंगचं ॲप घेऊन गावी गेली. गल्लीतल्या बायकांनी हसून हसून जीव घेतला तिचा. कुणी ‘आमचं येडं’ म्हणालं, कुणी ‘सोन्याचे पप्पा’ म्हणालं, एकीनं तर सरळ नवऱ्यालाच हाक मारून बोलावलं आणि म्हणाली, घे, ह्यालाच इचार ह्याचं नाव. साहित्य भरपूर जमलं. हेमावती मॅडमना आवडलंही. पण त्या म्हणाल्या, तू दाखवलंस ते सगळं न बोललेलं आहे. न बोललेलं मोजायचं कसं? एखादीनं एकदा जरी नाव उच्चारलं, तर आवाज कसा होतो, खाली जातो, घाईत जातो, चोरटा होतो, ते बघता येईल. मग लगेच बोट उभं करून म्हणाल्या, पण जबरदस्ती नको हं, आपल्याला माणसं परत तोंड दाखवायला हवीत. श्रीदेवीनं मान हलवली. जबरदस्ती ती करणारच नव्हती. तिनं केली ती युक्ती. आता युक्ती ही जबरदस्तीची सख्खी मावसबहीण असते, हे कळायला पुस्तकं उपयोगी पडत नाहीत.

दोन दिवसांसाठी ती पुन्हा गावी गेली. निघायच्या दिवशी सकाळी माय अंगणात सुपानं तूर पाखडत होती. थंडी होती. श्रीदेवीनं फोन उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, माय, आपल्या गाडीवाटेनं नाल्यापासून वर जाताना रानं कुणाकुणाची लागतात, पटापटा सांग. मला नकाशा काढायचाय. माय सूप हलवत सांगायला लागली. नाल्याला लागून कुणाचं? अमरनाथ पाटलाचं. त्याच्या वरचं? अंकुशरावांचं. त्याच्या वरचं? इथं त्यांचं स्वतःचं रान होतं. माय नेहमी ‘आपलं’ म्हणायची. पण श्रीदेवीनं सगळी रानं नावानिशी मागितली होती, एकामागून एक, चाल धरून, आणि तिला वाटत होतं की त्या चालीच्या भरात शब्द निसटेल. सूप थांबलं. मग माय म्हणाली, “तुळजारामचं.” स्वच्छ. मोठ्यानं. आणि लगेच पुढं, “त्याच्या वर देवाचं,” आणि सूप पुन्हा हललं. श्रीदेवीनं उंबऱ्यावरचा फोन उचलून घेतला. मायनं उरलेली तूर पाखडून संपवली, सूप भिंतीला टेकवलं, न्हाणीत जाऊन चूळ भरली, एकदा, पुन्हा, पुन्हा. मग बाहेर येऊन तिनं भाकरी थापायला घेतल्या. गुलबर्ग्याच्या बसमध्ये श्रीदेवीनं तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला आणि तिला स्वतःच्या हुशारीचा आनंद झाला. खोटं कशाला सांगा, फार आनंद झाला.

मॅडमनी ते ऐकलं तेव्हा त्यांनी हेडफोन काढून तिच्याकडं नुसतं पाहिलं. त्या म्हणाल्या, आवाज खाली गेलाच नाही, उलट स्थिर आहे, आणि नावाआधी ही शांतता बघ केवढी. पडद्यावर ती शांतता एका सपाट रेघेसारखी दिसत होती. श्रीदेवीनं प्रबंधात लिहिलं, वक्त्याची अडखळ, निषिद्ध शब्द मनातून वर येताना होणारा उशीर. इंग्रजीत ते वाक्य फार देखणं झालं होतं. मॅडमचा एक नियम होता, कच्चं रेकॉर्डिंग विद्यार्थ्याकडंच राहायचं, बोलणाऱ्याची ठेव म्हणून, विभागाला फक्त ऐकवायचं. त्यामुळं ते नाव जगात दोनच जागी होतं, श्रीदेवीच्या फोनमध्ये आणि लॅबमधल्या तिच्या खात्यावर.

डॉक्टर तरुण होते, कानडीत बोलले. रक्तवाहिनीत अडथळा होता, काढलाय, दोन दिवस बघू. बिडी, बीपी, उन्हातलं काम. श्रीदेवीनं ते मायला मराठीत समजावून सांगितलं, नीट, एकेक कारण. माय ऐकत होती. तिनं एकदाही उलट विचारलं नाही, आणि तिला काही पटलंय असंही दिसलं नाही. काचेपलीकडं अप्पा झोपले होते, नाकात नळी, छातीवर तारा. खांद्यावर घोंगडं टाकून पोटापुरत्या मेंढरांमागं पंढरीच्या रानापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचा हा मुलगा, सहा फुटी, त्या पलंगावर कसाबसा मावला होता. शब्द आणि वस्तू यांचा संबंध माणसांनी ठरवलेला असतो, त्यात मुळात काही नातं नसतं, हा पहिल्या सत्राचा पहिला धडा. श्रीदेवीनं त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहून नऊ मिळवले होते. नाव घेतल्यानं आयुष्य कमी होत असतं तर मल्लेशचे मित्र, पोस्टमन, तलाठी, सगळ्यांनी मिळून अप्पांना केव्हाच संपवलं असतं. हे तिनं स्वतःला सांगितलं. बिडीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. आणि तरी त्या काचेसमोर उभी असताना तिच्या मनात अप्पांचं नाव आलं तेव्हा तिनं ते अर्ध्यात दाबलं. मग स्वतःचाच राग आला. नऊ मार्क मिळवणारी बाई!

संध्याकाळी मल्लेश हैदराबादहून येऊन पोचला. मायनं त्याला जवळ घेतलं, त्याच्याशी बोलली, चहा पिलास का विचारलं. श्रीदेवीशी ती बोलत होती, पण कामापुरतं. पाणी आण. डाक्टर काय म्हणले. अंकुशरावांना जेवायला बोलाव. श्रीदेवीला मायचा राग ओळखीचा होता, राग आला की माय भांडी आपटायची, सुपाशी बोलायची, कोंबडीवर ओरडायची. हा राग तसला नव्हता. याला काय म्हणावं ते तिच्या चारही भाषांत तिला सापडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात एकटी बसली. जिन्यात फिनेलचा वास होता आणि वरून कुणाच्यातरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. तिनं फोन उघडला. एकदा तरी ऐकावं, असं वाटलं, पण ऐकलं तर हात चालणार नाही हेही कळत होतं. तिनं ते रेकॉर्डिंग काढून टाकलं. मग डिलीट झालेल्या गोष्टी जिथं पडून राहतात तिथूनही काढलं. मग रिक्षा करून विद्यापीठात गेली, रविवार असून वॉचमनकडून लॅब उघडून घेतली, आणि खात्यावरूनही काढलं. परत आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. नवस फेडून आल्यावर वाटतं तसं. आईच्या तोंडून काढून घेतलेलं परत केलं, असं तिला वाटलं, आणि या विचारानं तिला रिक्षात रडू आलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं.

सोमवारी अप्पांना जनरल वॉर्डात हलवलं. ते पहिलं वाक्य बोलले ते “बैलाला पाणी कोण दाखवायलंय?” हे. मल्लेश जवळ थांबला आणि श्रीदेवी सादरीकरणाला गेली. मॅडम म्हणत होत्या, पुढं ढकलू, मी बोलते. हीच नको म्हणाली. उभी राहिली, इंग्रजीत बोलली, आणि कधी नव्हे ती न अडखळता बोलली. बायकांची टोपणनावं ऐकवली तेव्हा परीक्षक हसले. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, प्रबंधात एका ठिकाणी प्रत्यक्ष उच्चाराचं विश्लेषण आहे, तेवढं ऐकवा. ती म्हणाली, ते उपलब्ध नाही. सर, मी ते मागं घेतलंय. परीक्षकांनी मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी टेबलाकडं. मग तो भाग वगळावा लागेल, आणि वगळला तर उरतं ते चांगलं वर्णन आहे, संशोधन नाही, असं परीक्षक सौम्यपणे म्हणाले. पास होशील, पण पीएच.डी.च्या जागेचं कठीण आहे, हे कुणी म्हणालं नाही, सगळ्यांना कळलं. बाहेर व्हरांड्यात मॅडमनी तिला गाठलं. “काढून टाकलंस?” “हो मॅडम.” “काढायच्या आधी आईला विचारलंस?” श्रीदेवीला त्या प्रश्नाचा राग आला. कशाला विचारायचं? तिच्याच भल्यासाठी तर काढलं. या कानडी बाईला आमच्या घरातलं काय कळणार, असं काहीतरी घाणेरडं तिच्या मनात आलं आणि ती पाया पडून तिथून निघाली.

वॉर्डाच्या बाहेर खिडकीजवळ माय जेवायला बसली होती. अंकुशरावांच्या घरून ज्वारीच्या भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला होता. अप्पांना मऊ भात भरवून मल्लेश औषधं आणायला गेला होता. मायनं श्रीदेवीला बसायची खूण केली, अर्धी भाकरी मोडून तिच्यासमोर ठेवली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

“झालं का गं तुझं, ते सायेबासमोरचं?”

“झालं.”

“ऐकवलीस का?”

“काय?”

“काय म्हंजी? माझं बोलणं. रानाचं.”

श्रीदेवीनं घास खाली ठेवला. “माय, तुला ते—”

“मला काय येडी समजतीस व्हय?” मायच्या आवाजात राग नव्हता, थोडी गंमतच होती. “लगीन होऊन आले तवापसून त्या वाटंनं जायलेय मी. तूच इचारायलीस अन् तूच त्या फोनकडं बघायलीस. थंडीचं दिवस, अन् तुझ्या नाकावर घाम. म्हणलं, पोरीला कायतरी लागतंय. मागायला लाजायलीय. रानाचं नाव करून मागायलीय. एवढ्या पोथ्या वाचल्यास, कधी मला कायी मागितलीस न्हाई. म्हणलं, हे तरी द्यावं. बोलून टाकले.”

“मग चूळ कामून भरलीस?”

“भरावं लागतंय.”

“अन् इथं आल्यावर म्हणलीस, बोलायला नको होतं...”

“व्हय, म्हणले. भ्याले होते गं. ते तिकडं काचंच्या आड, अन् मी हितं. दुसरं काय म्हणू?” मायनं मिरची भाकरीत दाबली. “तुझ्याकडं बघवत नव्हतं मला. बघितले तर वाटायचं, हिच्यासाठी बोलले, अन् ते पडले. तुला तसं दिसू नये म्हणून बघत नव्हते. मग आपल्यालाच समजावत बसले, तानुबाई, बोललीस ते बोललीस, पोरीचं काम तरी झालं असंल. तेवढाच धीर होता बघ मला. सायेब काय म्हणले? मोठ्यानं ऐकू आलं का? मी मुद्दाम मोठ्यानं बोलले होते.”

श्रीदेवीला खोटं बोलता आलं असतं. ‘हो माय, सगळ्यांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या’ एवढं म्हटलं असतं की भागलं असतं, आणि माय त्यावर जन्मभर जगली असती. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही. पण एकदा हिला रानाच्या मिषानं फसवायला गेलो आणि हिनं सगळं ओळखून दिलं, आता दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं फसवायचं, असं तिला झालं. तिला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, इंग्रजीच्या वर्गातसुद्धा नाही.

“काढून टाकलं मी ते, माय. काल. पुसून टाकलं.”

“कामून?”

“मला वाटलं, मीच तुला फसवलं. तुला तरास झाला. म्हणून.”

माय चावायची थांबली. तिनं तोंडातला घास गिळला, पाण्याचा तांब्या उचलला, प्याली नाही, तसाच खाली ठेवला. आत वॉर्डात कुणाचातरी फोन वाजत होता.

“म्हंजी कुणीच ऐकलं न्हाई?”

“न्हाई.”

“तुझ्या कामाला आलंच न्हाई ते.”

श्रीदेवीनं मान हलवली. तिला रडू फुटलं, आणि ते तिनं आवरलं नाही. येणारी-जाणारी माणसं बघत होती, या बाईचं पेशंट गेलं वाटतं, असं कुणी कुजबुजलंही असेल. मायनं पदरानं तिचं तोंड पुसलं, जरा रगडूनच, लहानपणी शेंबूड पुसायची तसं. श्रीदेवीनं वर पाहिलं. ती काही मागणार नव्हती, मनातही नव्हतं तिच्या. पण माय आधीच मान हलवत होती.

“न्हाई बाई. आता न्हाई जमायचं,” ती म्हणाली. “तवा ते धडधाकट होते, म्हणून दिले. आता कुठल्या जिवावर बोलू?”

आतून नर्सनं अप्पांचं नाव पुकारलं, सोबत कोण आहे म्हणून. माय गुडघ्यांवर हात टेकत उठली. “हाय की, मी हाय,” म्हणत ती आत गेली, आणि श्रीदेवी तिथंच मोडलेल्या भाकरीसमोर बसून राहिली.